पंढरीचा सोनार : संत नरहरी महाराज

देवळाच्या जीर्णोद्धाराचे काम निघाले की गावात दोन माणसांच्या दारी वर्दळ वाढते. एक पाथरवट आणि दुसरा सोनार. पाथरवटाचे काम उन्हात, सर्वांच्या डोळ्यांदेखत चालते. सोनाराचे मात्र पडवीतल्या कोपऱ्यात, शेगडीपाशी, खाली मान घालून चालते. देवाच्या मुखवट्यासाठी कोणी जुने तोडे आणून देतो, कोणी सासूबाईंच्या जोडव्यांची चांदी, तर कोणी मुलाचा लहानपणीचा करगोटा. ते सारे एकाच मुशीत पडते. मग कोणते वाळे कोणाच्या घरचे होते, हे ओळखावयास मागे काही उरत नाही.

अशाच एका कारागिराच्या घरी, सुमारे सातशे वर्षांपूर्वी, पंढरपुरात संत नरहरी महाराज होऊन गेले. भजनी मंडळींच्या तोंडी त्यांचे नाव नित्य असते. त्यांच्या दुकानाची आठवण मात्र सहसा कोणी काढीत नाही. वास्तविक त्यांचे सारे चरित्र त्या दुकानातच घडले.

तो काळ देवगिरीच्या यादवांचा. रामदेवराव यादव इ. स. १२७१ मध्ये गादीवर आला. महाराष्ट्रात त्या वेळी संतांचे जणू पीकच आले होते. ज्ञानेश्वर महाराज (१२७५ ते १२९६) आणि नामदेव महाराज (१२७० ते १३५०) हे त्यांतले अग्रणी. पण त्यांच्याभोवती जमलेली मंडळी पाहिली तर ती हाताने काम करून पोट भरणारी होती. अरणचे सावतोबा माळी मळ्यात राबत. तेरचे गोरोबाकाका चिखल तुडवीत. नामदेवांचे घराणे शिंप्याचे, सेना महाराज न्हावी. देवासाठी आपला धंदा सोडावा असे यांपैकी कोणालाच वाटले नाही. वाफा, चाक, सुई, वस्तरा यांतूनच त्यांना देवाची भाषा सापडली. नरहरी महाराज या मेळ्यातले सोनार.

पंढरपूर त्या वेळी वाढते क्षेत्र होते. विठ्ठलाच्या देवळात चौऱ्यांशीचा शिलालेख म्हणून प्रसिद्ध असलेला एक लेख आहे. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या वर्षांत देवळासाठी ज्यांनी ज्यांनी देणग्या दिल्या, त्यांची नोंद त्यात कोरलेली आहे. खुद्द रामदेवरावाचे नाव त्यात आहे आणि इतर साध्या भाविकांचीही नावे आहेत. देवळाच्या कामाला हातभार लावणाऱ्यांची यादी छापण्याची रीत आपल्याकडे किती जुनी आहे, हे त्यावरून कळावे. आपली यादी कागदावर असते, ती दगडावर आहे, एवढाच फरक. पुढे भाविकांनी त्या लेखाला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी श्रद्धा रूढ झाली. असो. सांगावयाचे ते एवढेच की, जेथे देवाला इतकी माणसे काही ना काही वाहात होती, तेथे सोनाराच्या हातालाही काम होते.

परंपरेप्रमाणे नरहरी महाराजांच्या वडिलांचे नाव अच्युत आणि मातोश्रींचे सावित्री. घराणे पिढीजात सोनारकीचे आणि तितकेच पिढीजात शिवभक्तीचे. पंढरपुरात मल्लिकार्जुनाचे प्राचीन देऊळ आहे. नरहरी महाराजांची रोजची पूजा तेथेच होत असे, असे सांगतात. अंगाला भस्म, गळ्यात रुद्राक्ष, हातात बेल. पहाटे महादेवाच्या पिंडीवर पाणी घालावे आणि मग दुकान उघडून शेगडी पेटवावी, असा त्यांचा क्रम.

ते दुकान कसे होते? वाडा, भिंत, उंबरा यांपैकी काही उरलेले नाही. पण एका गोष्टीत आपले भाग्य मोठे. नरहरी महाराजांचा सर्वांत प्रसिद्ध अभंग म्हणजे त्यांच्या हत्यारांची यादीच आहे. त्यात त्यांनी स्वतःला देवाचा सोनार म्हणवून घेतले आहे, आणि दुकानातली एकेक वस्तू उचलून तिच्यात परमार्थ पाहिला आहे. कीर्तनकार त्यातला परमार्थ उलगडून सांगतात, ते योग्यच. परंतु क्षणभर परमार्थ बाजूला ठेवून नुसत्या वस्तू पाहिल्या, तर सातशे वर्षांपूर्वीचे सोनाराचे दुकान जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहते.

पहिली येते ती बागेसरी, म्हणजे सोनाराची शेगडी. महाराजांनी आपल्या देहाला बागेसरी म्हटले. सोनाराचे सारे दुकान तिच्याभोवती मांडलेले असते. बैठक जमिनीवर, गुडघा मोडून, तोंड निखाऱ्याकडे. त्यानंतर येते मूस. मातीची ही लहानशी वाटी निखाऱ्यात ठेवावी, तिच्यात सोने किंवा चांदी घालावी आणि ती पाण्यासारखी हलू लागेपर्यंत डोळा काढू नये. महाराजांनी सत्त्व, रज, तम या तीन गुणांची मूस केली आणि तिच्यात ब्रह्मरस ओतला. मग फुंकणी. नवख्या माणसाला ही नुसती नळी वाटते, पण सोनाराचे अर्धे कसब तिच्यात असते. साखळीची एक कडी झाळावयाची म्हणजे टाकणखार लावून, बारीकसा झाळेचा तुकडा ठेवून, फुंकणीने ज्वाळेचे टोक नेमके त्या सांध्यावर आणावे लागते. श्वास कमी पडला तर सांधा धरत नाही. जास्त झाला तर कडीच वितळून तिचा गोळा होतो आणि दिवसाचे काम वाया जाते. जीव आणि शिव यांना महाराजांनी फुंकणीच्या ठायी का आणले असावे, हे ज्याने कधी फुंकणी तोंडाला लावली आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

पुढे हातोडा येतो, तो विवेकाचा. काम आणि क्रोध यांचे त्याने चूर्ण होते. कातर येते, ती मन आणि बुद्धी यांची. शेवटी येतो ताजवा, सोनाराचा तो नाजूक काटा. त्या काळचे वजन गुंजेचे. रानातल्या वेलीवरचा लाल दाणा, एका टोकाला काळा ठिपका. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. एका गुंजेच्या फरकावरून गिऱ्हाईक आणि सोनार यांचे बिनसावे, असा तो व्यवहार. महाराजांनी ज्ञानाचा ताजवा हाती घेतला आणि त्यात रामनामाची दोन अक्षरे जोखली. एका बाजूला दोन अक्षरे ठेवल्यावर दुसऱ्या बाजूला काय ठेवले असेल, हा प्रश्न मात्र त्यांनी ऐकणाऱ्यावर सोपवला आहे.

या अभंगातली सर्वांत गोड जागा कातरीजवळ आहे, आणि ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. सोनाराच्या धंद्यावर लोकांचा संशय फार जुना. आईच्या दागिन्यातूनसुद्धा सोनार थोडे काढून घेतो, असे गावोगाव म्हटले जाते. गिऱ्हाईक म्हणून तर दुकानात समोर बसून राहते, कातर कोठे चालते, तुकडा कोठे पडतो, यावर नजर ठेवते. दुकानाचा केरही फुकट जात नाही. झारेकरी तो विकत घेऊन, धुऊन, त्यातून सोन्याचांदीचे कण वेचतात. या संशयाची बोच प्रत्येक प्रामाणिक सोनाराच्या मनाला कधी ना कधी लागलेलीच असते. नरहरी महाराजांनी तो आरोप नाकारला नाही. उलट अभंगात आपणहून चोरी कबूल केली. फक्त चोरलेले सोने रामनामाचे आहे, असे सांगितले. ज्याचा हात स्वच्छ असतो त्यालाच अशी थट्टा सुचते.

एवढा कसबी, एवढा सचोटीचा माणूस. परंतु त्याचा एक हट्ट होता. पंढरपुरात जन्म काढूनही विठ्ठलाचे दर्शन घ्यावयाचे नाही. शिवावाचून दुसऱ्या देवाकडे पाहावयाचेही नाही. आषाढी-कार्तिकीला गाव माणसांनी भरून जाई, चंद्रभागेचे वाळवंट टाळ-मृदंगांनी दुमदुमे. आणि हा सोनार त्या गर्दीतून खाली मान घालून मल्लिकार्जुनाकडे जाई. देवळाचा कळस दिसू नये म्हणून तो वर पाहात नसे, असे कथेकरी सांगतात.

आजच्या माणसाला हा हट्ट नवलाचा वाटेल. त्या काळी मात्र तसा तो नव्हता. शैव आणि वैष्णव यांच्यातला दुरावा खरा होता, आणि माणसे त्यापायी एकमेकांच्या देवळाची पायरी चढत नसत. यात भक्ती खोटी होती असे नाही. नरहरी महाराजांची शिवभक्ती अस्सलच होती. पण ती भक्ती डोळे मिटून घेण्याच्या कामी आली होती.

आणि हेही येथे सांगितले पाहिजे की, त्याच पंढरपुरात त्याच काळात एक माणूस देवळाबाहेर उभा होता, ज्याला आत जावयाचे होते. मंगळवेढ्याच्या चोखोबांना महाद्वाराच्या आत पाऊल टाकण्याची परवानगी नव्हती. ते बाहेरूनच हाका मारीत राहिले. इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला कुसवाचे काम करीत असता तो ढासळला आणि त्याखाली चोखोबा गेले. नामदेव महाराजांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारापाशी त्यांची समाधी बांधली. चोखोबांच्या भाऊबंदांना ते दार उघडण्यासाठी पुढे सहाशे वर्षे लागली, आणि १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात प्राणांतिक उपोषणास बसावे लागले. ज्याच्यासाठी दार उघडे होते तो सोनार आत जात नव्हता, आणि ज्याचा जीव आत गुंतला होता त्याला दार बंद होते. नरहरी महाराजांचे चरित्र सांगताना चोखोबांचे स्मरण म्हणूनच झाले पाहिजे. दर्शन ही किती मोलाची वस्तू आहे, हे त्यावाचून कळत नाही.

आता ती सुप्रसिद्ध कथा. महिपतीबुवा ताहराबादकर यांनी इ. स. १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या भक्तविजय ग्रंथात ती विस्ताराने सांगितली आहे, आणि श्रावणात ज्या गावी या ग्रंथाचे वाचन होते तेथील लहान मुलांनाही ती पाठ असते. तरी सोनाराच्या बाजूने ती पुन्हा पाहण्यासारखी आहे.

एका सावकाराने विठ्ठलाला नवस केला होता. नवसाप्रमाणे त्याला मुलगा झाला. देवाच्या कमरेला सोन्याची रत्नजडित साखळी घालावयाची, असे त्याने ठरवले आणि पंढरपुरात उत्तम कारागीर कोण याची चौकशी केली. सर्वांनी एकच नाव सांगितले. सावकार नरहरी महाराजांच्या दुकानी आला. काम विठ्ठलाचे आहे हे ऐकताच त्यांनी आपली अडचण सांगितली. दागिना करून देईन, पण माप घ्यावयास देवळात येणार नाही; माप तुम्ही आणा, असे त्यांनी सुचवले. सावकाराला कारागिरीशी काम. तो देवळात जाऊन दोऱ्याने कमरेचे माप घेऊन आला.

येथे थोडे थांबावयास हवे. कमरेची साखळी करणे म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना या कामाची जोखीम कळेल. सोन्याची सळई करून ती जंतराच्या एकाहून एक बारीक भोकांतून ओढावयाची. प्रत्येक ओढीनंतर तार ताठते, म्हणून तिला पुन्हा विस्तवावर मऊ करावयाचे. मग ती तार काडीभोवती गुंडाळून, कापून कड्या पाडावयाच्या. एकेक कडी दुसरीत अडकवून झाळावयाची. त्यावर रत्ने बसवण्यासाठी कोंदणे. दागिना पुरा होईतो कारागिराच्या डोळ्यांत निखाऱ्याची धग साठून राहते. आणि हे सारे कोणी दुसऱ्याने आणलेल्या दोऱ्याच्या भरवशावर. दोरा ओढून धरला तर माप एक येते, सैल धरला तर दुसरे. बांगडी भरताना कासार गिऱ्हाइकाचा हात हातात घेऊन पाहतो, सोनार तोडा करावयाच्या आधी पायाला स्वतः माप लावतो, ते काही उगीच नाही. त्यातून पंढरीच्या मूर्तीचे दोन्ही हात कटीवर. जेथे साखळी बसावयाची, नेमके तेथेच ते टेकलेले.

साखळी तयार झाली. सावकाराने ती देवाला नेऊन घातली, तो ती सैल. कोणी चार बोटे म्हणतात, कोणी वीतभर. परत आणली. महाराजांनी कड्या काढून ती कमी केली. पुन्हा नेली, तो आखूड. आता टोके जुळेनात. आणखी जोडून द्यावी, तर पुन्हा सैल.

सावकार हैराण झाला असेल, यात शंका नाही. पण खरी तळमळ दुकानात होती. ज्याच्या कामाला उभ्या गावात कोणी नाव ठेवले नव्हते, त्याचे माप चुकत होते. सोने खरे होते. काटा खरा होता. कडीन् कडी नीट झाळलेली होती. तरीही दागिना अंगाला बसत नव्हता. कारागिराला याहून मोठी नामुष्की नसते. गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर तो ते विसरतो, पण हातचे काम फसले तर रात्री झोप येत नाही.

अखेरीस महाराजांनी स्वतः जाऊन माप घेण्याचे कबूल केले. मात्र एका अटीवर. डोळ्यांना पट्टी बांधून जाईन आणि पट्टी बांधूनच परत येईन. आपला नेम तर मोडावयाचा नाही आणि आपले काम तर अपुरे ठेवावयाचे नाही, अशा पेचात सापडलेल्या माणसाने काढलेली ही वाट. पंढरपूरच्या रस्त्याने तो सोनार डोळे बांधून, सावकाराचा हात धरून चालला. लोक जमले. कोणी हसले, कोणी थट्टा केली. त्या दिवशी त्याला काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

गाभाऱ्यात गेल्यावर त्यांनी माप घेण्यासाठी हात पुढे केले. आता डोळ्यांचे काम बंद, सारा भार हातांवर. सोनाराचे हात म्हणजे काही साधे हात नव्हेत. अंधारातही दोन गुंजांतला फरक सांगणारे, घासलेली व न घासलेली कडी बोटांनी ओळखणारे. ते हात मूर्तीच्या अंगावरून फिरू लागले आणि त्यांना जटा लागल्या. गळ्यात नाग लागला. पाच मुखे, दहा हात, कमरेला व्याघ्रांबर. ज्याची पूजा जन्मभर केली तो महादेव समोर उभा आहे, अशी हातांनी साक्ष दिली. महाराजांनी आनंदाने पट्टी काढली. पाहतात तो विटेवर विठ्ठल, कर कटावरी. घाबरून त्यांनी पुन्हा पट्टी बांधली. पुन्हा चाचपले, पुन्हा शंकर. पुन्हा पट्टी काढली, पुन्हा विठ्ठल. असे काही वेळ चालले. मग त्यांना उमगले. पट्टी त्यांनी काढून ठेवली आणि विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवले. साखळी या वेळी नेमकी बसली.

चमत्कार म्हणून ही कथा सर्वत्र सांगितली जाते आणि भाविकांनी ती तशी ऐकावी. पण एखादा जुना सोनार ती ऐकताना निराळ्याच जागी मान डोलावतो. ज्याला पाहावयाचेच नाही त्याच्या मापाचा दागिना करता येत नाही, हे त्याला धंद्यातून ठाऊक असते. आणि आणखी एक. या कथेत नरहरी महाराजांना जे कळले ते त्यांच्या हातांना आधी कळले. डोळे मागाहून आले.

वारकरी संप्रदायात या घटनेला फार मोठे स्थान आहे. विठ्ठलाने मस्तकावर शिवलिंग धारण केले आहे, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. पंढरपुरात भाविक आधी चंद्रभागेत स्नान करून पुंडलिकाचे दर्शन घेतो, आणि त्या पुंडलिकाच्या देवळात धातूच्या मुखवट्याखाली आहे शिवलिंगच. एकादशीबरोबर सोमवार पाळणारे वारकरी आजही गावोगावी आहेत. हरी आणि हर यांत भेद मानू नये, हे पुष्कळांनी सांगितले. नरहरी महाराजांचे सांगणे मनाला भिडते याचे कारण ते दुसऱ्या बाजूने आले होते. शिव आणि विष्णू एकच, असे त्यांनी पुढे अभंगातूनही स्पष्ट सांगितले. शिवाची भक्ती मात्र सोडली नाही. सोडण्याचे कारणच उरले नव्हते.

दुकानही सोडले नाही. मनातला हट्ट गळाला, पण हातातली हातोडी राहिली. वैराग्याच्या भरात माणसे शेगडीवर पाणी ओतून निघून जातात, अशा कथा कमी नाहीत. नरहरी महाराजांच्या अभंगात मात्र दिवसरात्र चालणाऱ्या हातोडीचा आवाज आहे, धंदा मोडल्याचा नाही. अभंगाच्या शेवटी ते खांद्यावर पोतडी टाकून पैलतीराला जातात. पोतडी म्हणजे सोनाराची पिशवी, जिच्यात त्याची हत्यारे आणि गिऱ्हाइकांचा माल असतो. मोक्षाला जातानाही या माणसाने आपली पिशवी मागे ठेवली नाही!

त्यांच्या हातचा दागिना म्हणून खात्रीने दाखवावा असे आज काही नाही. सोन्याचांदीची ही रीतच आहे. दगडाचे काम शतकानुशतके टिकते. सोनाराचे काम एक पिढी घालते, दुसरी मोडते आणि तिसरी नव्याने घडवून घेते. आपल्या देवघरांतले चांदीचे टाकच पाहावेत. खंडोबा, भवानी, बहिरोबा यांचे हे लहानसे टाक घासून घासून पुसट झाले की नवे करून घेतात, आणि सोनार जुन्या टाकावर पाहूनच नव्यावर देवाचा आकार उठवतो. लाखेवर पत्रा बसवून, ठशांनी ठोकून. जुना टाक ज्याने घडवला त्याने त्याच्या आधीच्यावरून घडवलेला असतो. वस्तू राहात नाही, पण हाताला लागलेले वळण पुढच्या हाताकडे जाते. पायातले वाळे, कमरेचा करगोटा, जोडव्यांचे पेड यांचे जुने नमुने अजून खेड्यापाड्यांतून ओळखीचे वाटतात, ते याचमुळे.

सोनार हा गावगाड्यातला बलुतेदार. लोकांचे दागिने घडवणे हे त्याचे एक काम आणि नाणी पारखणे हे दुसरे. पोतदार म्हणून गावात आलेले नाणे खरे की खोटे, हे कसोटीवर घासून त्यानेच सांगावयाचे. गावाचा सोनारावर संशय होता खरा, पण शेवटचा शब्दही त्याचाच चाले. नरहरी महाराजांसारखा पुरुष या धंद्यात निपजला, ही सोनार समाजाला आपल्या अंगावरचा डाग धुऊन निघाल्यासारखी वाटली असल्यास नवल नाही. महाराष्ट्रात ठिकठिकाणी सोनार समाजाने त्यांची देवळे व मंडळे उभारली आहेत, त्यांच्या नावाने धर्मशाळा व सभागृहे बांधली आहेत.

पंढरपूरच्या देवळाचेच अलीकडे मोठे काम झाले. १५ मार्च २०२४ पासून पदस्पर्श दर्शन बंद ठेवून गाभाऱ्याच्या संवर्धनाचे काम हाती घेण्यात आले आणि २ जून २०२४ रोजी दर्शन पुन्हा सुरू झाले. भाविकांनी वाहिलेल्या चांदीचा पत्रा अनेक वर्षे गाभाऱ्याला मढवलेला होता. या कामात तो उतरवण्यात आला आणि त्याखालचा जुना दगड उघडा झाला. चांदी मढवणारे हातही सोनाराचेच होते आणि त्यांनी ती भक्तीनेच मढवली होती. पण आता दर्शनाला जाणारे लोक तो काळा दगड हात लावून पाहतात.

नरहरी महाराजांची समाधी पंढरपुरात आहे. तिचे साल निरनिराळ्या चरित्रांत निरनिराळे दिले आहे. तिथी मात्र सर्वत्र एकच, माघ वद्य तृतीया. त्या दिवशी पंढरपुरात आणि महाराष्ट्रातल्या अनेक गावांत पालखी निघते, कीर्तन होते, दुपारी महाप्रसाद असतो. कीर्तनाला उभे राहणारे बुवा बहुधा तोच अभंग निरूपणासाठी घेतात. आणि बागेसरी, मूस, फुंकणी, ताजवा ही नावे, जी आता नव्या दुकानांतून फारशी ऐकू येत नाहीत, त्या दिवशी पुन्हा एकदा भर मंडपात घेतली जातात.